कॉकटीलचं पिल्लू हातावर वाढवताना

"हातानं भरवलंत तरच पक्षी तुमचा होईल," असं सांगून अडीच-तीन आठवड्यांची, धड पिसंही न फुटलेली पिल्लं लोकांच्या हातात दिली जातात. सोबत एक सिरिंज आणि पावडरीची पुडी. असं पिल्लू घेऊ नका. स्वतः दाणे टिपणारा, उडायला शिकलेला लहान पक्षी घ्या आणि त्याला रोज वेळ द्या, तोही तेवढाच जीव लावतो. हातानं भरवणं हे गरज पडली तर करायचं काम आहे. आईबापांनी पिल्लू टाकलं, त्यांच्यातलं एक दगावलं किंवा शेवटचं पिल्लू मोठ्या भावंडांच्या पायाखाली येऊ लागलं, तर.

मी विक्रोळीच्या कन्नमवार नगरात राहते, घरीच साड्यांना फॉल-पिको करते. माझ्याकडे कॉकटीलची जोडी आहे, करडा राजा आणि फिकट पिवळी शेवंती. ही जात मूळची ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातली, काकाकुव्याच्या घराण्यातली सगळ्यात लहान. मादी एक दिवसाआड अंडं घालते, साधारण चार ते सहा. त्यामुळे पिल्लंही एकाच दिवशी बाहेर येत नाहीत. थोरलं पिसं धरू लागतं तेव्हा धाकटं अजून लोंबत्या मानेचं असतं. त्यातच आईबाप पुढच्या अंड्यांच्या तयारीला लागले, तर धाकट्याकडे पाठ फिरते. शेवंतीनं तसंच केलं. दोन आठवड्यांच्या त्या पिल्लाला मी उचललं आणि बकुळ नाव ठेवलं, कारण नर की मादी हे त्या वयात कळत नाही.

पिल्लू टाकलं गेलंय हे ओळखायचं कसं? सकाळी घरट्याच्या पेटीत हात घालून त्याच्या गळ्याखाली पाहा. छातीच्या वर एक पातळ कातडीची पिशवी असते, डॉक्टर तिला क्रॉप म्हणतात. आईनं भरवलेलं अन्न आधी तिथे साठतं. भावंडांच्या पिशव्या फुगलेल्या आणि एकाचीच दिवसातून दोन-तीनदा रिकामी, अंग गार, छातीचं हाड बोटाला टोचतंय, तर थांबू नका. मात्र गार पिल्लाला कधीही भरवू नका. आधी ऊब, मग अन्न. अंग गार असताना पोटात गेलेलं पचत नाही, पिशवीतच आंबतं.

उबेसाठी महागडं यंत्र लागत नाही. उंच कडांचा प्लॅस्टिकचा डबा घ्या आणि झाकणाला भरपूर भोकं पाडा. तळाला ड्रॉवरमध्ये अंथरतात ती रबरी जाळीची चटई आणि तिच्यावर किचन टिश्यू. गुळगुळीत तळावर पिल्लाचे पाय बाजूला घसरत जातात आणि ते तसेच फेंगडे राहू शकतात. लाकडाचा भुसा नको, पिल्लू तो गिळतं. डब्याच्या अर्ध्याच भागाखाली शेकायचा पॅड सर्वात कमी उष्णतेवर ठेवा, म्हणजे उकडलं तर पिल्लाला सरकायला जागा राहते. आत थर्मामीटर हवाच. दोन आठवड्यांच्या, अंगावर नळीतली, अजून न उमललेली पिसं आलेल्या पिल्लाला साधारण 30 ते 32 अंश सेल्सियस लागतं. तिसऱ्या आठवड्यात 28-29, आणि अंग पिसांनी भरलं की 25 च्या आसपास पुरतं. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात खोलीच 32-33 अंशांवर असते, तेव्हा दिवसा पॅड बंदच ठेवावा लागतो. जानेवारीच्या रात्री मात्र तो लागतोच. चोच उघडून धापा टाकणं, पंख अंगापासून दूर धरणं म्हणजे उकडतंय. आक्रसून बसणं, थरथरणं म्हणजे थंडी. आकड्यापेक्षा पिल्लाच्या अंगाकडे पाहा.

आता अन्न. पोपटवर्गातल्या पिल्लांसाठी तयार पावडर मिळते, कायटी एग्झॅक्ट किंवा न्यूट्रिबर्ड ए-21 सारखी. तीच वापरा. लहान बाळांचं डबाबंद सीरियल, दुधात कालवलेली पोळी, सत्तू, भिजवलेल्या डाळीचं पीठ हे सगळं लोक प्रेमानं देतात. पण पक्ष्याला दुधातली साखर पचत नाही, आणि नुसत्या धान्याच्या पिठात वाढीसाठी लागणारी प्रथिनं आणि कॅल्शियम पुरेसं नसतं. पाणी उकळून निववलेलं घ्या. पाकिटावरचं प्रमाण पाळा. दोन-तीन आठवड्यांच्या पिल्लासाठी मिश्रण इडलीच्या पिठाहून किंचित पातळ असावं. आमच्या घरात त्याला पेजच म्हणतात.

पेजेचं तापमान हा या कामाचा कणा आहे. 39 ते 41 अंश सेल्सियस. त्याहून गार असेल तर पिल्लू तोंड फिरवतं आणि पचनही मंदावतं. 43 च्या वर गेलं तर पिशवी आतून भाजते. ते त्या दिवशी दिसत नाही. काही दिवसांनी कातडीला खपली धरते, मग भोक पडतं आणि भरवलेलं छातीवरून गळतं. हाताच्या मनगटावर थेंब टाकून अंदाज घेऊ नका, शिवणकाम-धुणं-भांडी करणाऱ्या हातांना नेमकी उष्णता कळत नाही. तापाचा डिजिटल थर्मामीटर या कामासाठी वेगळा ठेवा आणि नीट ढवळून वाटीत बुडवा. मायक्रोवेव्ह वापरू नका, त्यात एखादाच घास उकळता राहतो. पेजेची वाटी गरम पाण्याच्या मोठ्या वाडग्यात ठेवली की भरवून होईपर्यंत उष्णता टिकते. उरलेलं फेकून द्यायचं, पुन्हा गरम करायचं नाही.

सिरिंज की चमचा, यावर माझं मत ठाम आहे. नवख्या माणसानं चमचाच घ्यावा. साधा स्टीलचा लहान चमचा, पकडीनं दोन्ही कडा आत वळवून पन्हळ केलेला. पिल्लू आपल्या वेगानं चाटतं, दम घ्यायला थांबतं. पेज श्वासनलिकेत जाण्याची भीती बरीच कमी होते. सिरिंज झटपट असते, आणि तेच तिचं दुखणं. ती वापरायचीच असेल तर टोक पिल्लाच्या डाव्या बाजूनं चोचीत घाला आणि त्याच्या उजवीकडे वळवा, कारण अन्ननलिका मानेच्या उजव्या बाजूनं उतरते. पिल्लू तुमच्याकडे तोंड करून असेल तर त्याची डावी म्हणजे तुमची उजवी. सुई नसलेली, पाच किंवा दहा मिलिलिटरची सिरिंज पुरते.

चोचीच्या दोन्ही कोपऱ्यांना बोटानं हलका स्पर्श केला की भुकेलं पिल्लू मान खालीवर जोरात हलवू लागतं, घसा खरवडल्यासारखा आवाज करतं. ही मान हलत असतानाच भरवायचं. त्या वेळी श्वासनलिकेचं तोंड मिटलेलं असतं. मान थांबली की तुम्हीही थांबा. पिल्लू किंचाळतंय, पंख फडफडवतंय, तोंड फिरवतंय आणि आपण ढकलतोय, असं कधी करू नका. पेज नाकपुडीतून बाहेर आली किंवा श्वासाबरोबर टिकटिक ऐकू आली, तर भरवणं बंद करून थेट डॉक्टर.

किती द्यायचं? वजनाच्या साधारण दहावा हिस्सा. पन्नास ग्रॅमच्या पिल्लाला एका वेळी पाच मिलिलिटरच्या आसपास. पिशवी भरलेली पण मऊ लागली पाहिजे, चेंडूसारखी ताणलेली नको. दोन आठवड्यांच्या पिल्लाला दिवसातून पाच वेळा, म्हणजे सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहा. तीन आठवडे झाले की चार वेळा, पाचव्या आठवड्यात तीन. रात्रभर उठायची गरज या वयात नसते, उलट ती विश्रांती हवीच असते. चोवीस तासांत एकदा पिशवी पूर्ण रिकामी झालीच पाहिजे, आणि ती रात्रीच होते. सकाळी पिशवीत कालचं उरलेलं असेल तर त्यावर नवं ओतू नका. आधी ऊब तपासा. ऊब ठीक असूनही पिशवी उतरत नसेल, फुगलेली असेल, चोचीतून आंबट वास येत असेल, तर घरगुती उपाय शोधत बसू नका.

रोज सकाळी भरवण्याआधी, पिशवी रिकामी असताना, ग्रॅममध्ये मोजणाऱ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून वहीत लिहा. अंड्यातून बाहेर येताना चार-पाच ग्रॅमचा असलेला जीव पुढे ऐंशी ते शंभर ग्रॅमचा होतो. वजन दोन दिवस थांबलं तर आजार तिथेच कळतो, पिल्लू मलूल दिसायला लागण्याच्या बऱ्याच आधी. उडायला शिकताना वजन थोडं उतरतं, दहा टक्क्यांपर्यंत. त्याला घाबरू नका. भरवून झाल्यावर चोच आणि हनुवटी कोमट ओल्या सुती कपड्यानं पुसा. वाळलेली पेज चोचीला चिकटून राहिली तर खाली बुरशी धरते.

डॉक्टर आधी शोधून ठेवा. कुत्र्या-मांजरांचे दवाखाने प्रत्येक स्टेशनाबाहेर आहेत, पक्षी पाहणारे मोजके. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटीट रुग्णालय, जुने लोक ज्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात, आणि त्याच आवारातलं 1886 मध्ये सुरू झालेलं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय, ही नावं तरी लक्षात असू द्या. आणि शेजारी कोणी "पोपट पाळणं गुन्हा आहे" म्हणालं, तर ते आपल्या देशी पोपटांबाबत खरं आहे. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे आणि त्यानुसार त्यांना पिंजऱ्यात ठेवता येत नाही. कॉकटील त्यात मोडत नाही.

भरवण्याचे आठवडे कष्टाचे असतात, पण तुमचं आणि पक्ष्याचं खरं नातं ठरतं ते भरवणं सुटताना. पाचव्या आठवड्यापासून पिल्लू पायाखालचं काहीबाही चोचीत घेऊ लागतं. तेव्हा कागदावर दाणे पसरून ठेवा. राळा, बाजरी, राळ्याचं अख्खं कणीस, भिजवून मोड आलेले मूग, उकडलेल्या मक्याचे दाणे, कोथिंबीर, शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर, बिनमिठाचा मऊ भात. उथळ वाटीत पाणी. सुरुवातीला तुडवातुडवच होते, होऊ द्या. बकुळसमोर मी बोटानं टकटक करून दाणा टिपल्याचं दाखवायचे, ते पाहून तोही टिपायचा. आधी दुपारची पेज कमी करा, मग सकाळची. रात्रीची सगळ्यात शेवटी, आणि ती पिल्लानं स्वतः नाकारेपर्यंत. आठ ते दहा आठवड्यांत बहुतेक पिल्लं सुटतात. काही जास्त वेळ घेतात, घेऊ द्या. भूक लावून सोडवलेलं पिल्लू पुढे महिनोन्‌महिने घोगरं ओरडत मागत राहतं, माणूस नजरेआड झाला की कासावीस होतं. लोक म्हणतात किती लळा लागलाय. लळा नाही तो, उपाशी राहण्याची भीती आहे. जो पक्षी पोटभर खाऊन, आपल्या मर्जीनं पेज सोडतो, तो पुढे तुमच्याकडे येतो तेव्हा अन्नासाठी नाही तर तुमच्यासाठी येतो. मला हातानं वाढवण्यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

याच दिवसांत तो उडायला लागतो. पंख कापू नका, निदान नीट उडायला आणि उतरायला शिकेपर्यंत तर नाहीच. त्याऐवजी घर बदला. छताचा पंखा हा मुंबईतल्या घरात पक्ष्याचा सगळ्यात मोठा शत्रू आहे. पक्षी बाहेर असताना पंखा बंद, आणि घरातलं कोणी सवयीनं बटण दाबू नये म्हणून त्यावर चिकटपट्टी लावा. खिडकीच्या ग्रिलमधून कॉकटील सहज निसटतो. बाहेर कावळे आणि घारी असतात, शिवाय घरात वाढलेल्या पक्ष्याला परतीची वाट ठाऊक नसते. तेव्हा डासांची जाळी पक्की हवी. नॉनस्टिक तवा रिकामा तापला की त्यातून निघणाऱ्या वाफेनं पक्षी काही मिनिटांत मरतो, म्हणून आमच्याकडे बिडाचा तवा आणि स्टीलची कढई. धूप, अगरबत्ती, डासांची कॉइल त्याच्या खोलीत नाही. कांदा, लसूण, चॉकलेट, अ‍ॅव्होकॅडो, चहा-कॉफी, खारवलेलं काही त्याच्या चोचीला लागू देऊ नका. माझ्या घरातला धोका वेगळा, दोऱ्याचा. पायाला गुंडाळलेला धागा आवळत जाऊन बोट काळं पडतं. त्यामुळे दोरे, टिकल्या, टाचण्या सगळं झाकणाच्या डब्यात, आणि मशीन सुरू असताना बकुळ पिंजऱ्यात. पिंजरा बाल्कनीत, कबुतरं बसतात तिथे टांगू नका. त्यांच्याकडून पक्ष्याला आणि पक्ष्याकडून माणसाला लागणारा एक ताप आहे, सिटॅकोसिस. घरात कोणाला ताप-खोकला हटत नसेल तर पक्षी पाळल्याचं डॉक्टरांना सांगा. कॉकटीलच्या अंगावरून सतत पांढरी भुकटी झडते, म्हणून दमा असलेल्या घरात हा पक्षी आणूच नये.

आता सोबतीचं. कॉकटील थव्यात राहणारा पक्षी, आणि आता थवा म्हणजे तुम्ही. तुम्ही खोलीबाहेर गेलात की तो एक साद घालतो. तिला ठरावीक शिट्टीनं उत्तर द्या. कुठे आहात एवढं कळलं की तो शांत होतो. उत्तर मिळालं नाही तर साद वाढत जाऊन किंचाळी होते, आणि किंचाळल्यावर आपण धावत गेलो तर तो तीच शिकतो. बकुळ माझ्या शिट्टीबरोबर कुकरचीही शिट्टी उचलून बसला आहे. सकाळी ती ऐकून शेजारच्या वहिनी विचारतात, "इतक्या लवकर भात लावलात?"

त्याचा तुरा वाचायला शिका. तुरा ताठ उभा असेल तर दचकलाय. चपटा, मागे चिकटलेला आणि सोबत फुत्कार असेल तर हात मागे घ्या. किंचित मागे झुकलेला, सैल तुरा म्हणजे सगळं ठीक. चोचीचे दोन्ही भाग एकमेकांवर घासत कुरकुर आवाज करतो ती झोपेची वेळ. डोकं खाली घालून पुढे आला की खाजवून हवंय. पिसं झडून नवी येताना डोक्यावर नळ्या राहतात, तिथे त्याची स्वतःची चोच पोचत नाही. सुकलेल्या नळ्या बोटांत हलकेच चोळल्या की भुगा पडतो, कोवळ्या नळीला मात्र हात लावू नका, दुखतं. खाजवायचं फक्त डोकं आणि मान. पाठीवरून, पंखांखालून हात फिरवला तर पक्षी त्याला जोडीदाराचा स्पर्श समजतो, आणि मादी असेल तर नराशिवायही अंडी घालू लागते. तशी अंडी घातलीच तर लगेच उचलू नका, नाहीतर ती पुन्हा पुन्हा घालते आणि अंगातलं कॅल्शियम संपतं. तीन आठवडे बसू द्या, कंटाळून सोडते. कॅल्शियमसाठी काष्ठौषधींच्या दुकानातला समुद्रफेनाचा तुकडा पिंजऱ्यात कायम अडकवलेला असावा.

तो फक्त तुमचाच राहावा असं करू नका. घरातल्या प्रत्येकानं रोज थोडा वेळ त्याला हातावर घ्यावं, राळ्याचं कणीस आपल्या हातानं द्यावं. आणि लहानपणापासूनच दिवसातला काही काळ एकटं, खेळण्याबरोबर रमायला शिकवा. पेरूची साल न काढलेली फांदी, नारळाच्या शेंडीचा झुबका, कोऱ्या कागदाच्या पट्ट्या यांत तो तासभर गुंततो. सहा ते नऊ महिन्यांत नराचा चेहरा पिवळा होतो, गाणं वाढतं आणि तो आरशासमोर मिरवतो. त्या दिवसांत चावलाच तर ओरडू नका, हात झटकू नका. शांतपणे खाली ठेवा आणि थोड्या वेळानं पुन्हा जवळ घ्या. बकुळ नर असल्याचं आम्हाला असंच कळलं.

झोप दहा-बारा तास. आमच्यासारख्या एका खोलीच्या घरात टीव्ही अकरापर्यंत चालतो, तेव्हा पिंजरा जाड सुती चादरीनं तीन बाजूंनी झाका आणि जवळ झिरोचा दिवा ठेवा. पूर्ण अंधारात कॉकटील भेदरून उठतात आणि गजांवर आपटून पंख मोडून घेतात. विसर्जनाच्या ढोलताशांना आणि दिवाळीच्या फटाक्यांना त्या दिवसांपुरता पिंजरा आतल्या भिंतीला सरकवा, खिडक्या लावा.

नीट सांभाळलेला कॉकटील पंधरा-वीस वर्षं जगतो. त्यामुळे तुम्ही गावाला गेलात की त्याला कोण पाहणार, हे पक्षी घरी येण्याआधी ठरलेलं असावं. आम्ही गणपतीला कोकणात जातो तेव्हा बकुळ माझ्या बहिणीकडे भांडुपला असतो. आधीचे काही रविवार मी त्याला तिथे नेते, म्हणजे जागा आणि माणसं ओळखीची होतात. पिंजऱ्याला अडकवलेल्या कार्डावर त्याचं नेहमीचं वजन, रोजच्या दाण्यांचं माप, डॉक्टरांचा नंबर आणि "बाहेर काढण्याआधी पंखा बंद" एवढं लिहिलेलं असतं. सोबत त्याच्याच घरच्या दाण्यांची पिशवी देते, कारण नव्या जागी नवं अन्न आलं तर तो एक-दोन दिवस खातच नाही. बहीण रोज संध्याकाळी वजन करून फोनवर सांगते.